पद्मिनी, मुक्काम पोस्ट मीरा रोड

चकाचक एसयूव्हींच्या जमान्यात चाळिशीला आलेल्या फियाटचं इंजिन कुणी खोलून बसतं का? बसतं ना! काशीमीऱ्याच्या एका गल्लीत आमचे पाच महिन्यांचे सगळे रविवार असेच गेले.

मीरा रोड म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? विरार लोकलच्या दारातली खेचाखेच? एकसारख्या दिसणाऱ्या इमारती? ऑफिसात कुणी 'कुठं राहतेस?' असं विचारलं आणि मी 'मीरा रोड' म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर दोन भाव हमखास उमटतात. पहिला, 'अगं बाई, केवढं लांब!' आणि दुसरा, 'बरंय, तिकडं जागा तरी मिळते.' दोन्ही खरं आहे. चर्चगेटपासून जवळपास ४० किलोमीटर म्हणजे लांबच. आणि जागा मिळते म्हणून तर आम्ही सगळे इथं आलो.

पण तिसरी गोष्ट कुणालाच ठाऊक नसते. मरायला टेकलेल्या गाड्यांची इंजिनं पुन्हा धडधडती करणारी माणसं मीरा रोडला राहतात. शोरूमवाली नाहीत, कॉम्प्युटर लावून गाडी तपासणारीही नाहीत. ही माणसं बॉनेटला कान लावून सांगतात, 'तिसऱ्या नंबरचा व्हॉल्व्ह बोलतोय.'

यकीन नाही ना होत? चला मग.

गल्ली उस्तादांची

स्टेशनच्या पूर्वेला रिक्षा पकडा आणि 'काशीमीरा' म्हणा. डोक्यावर मेट्रोचं बांधकाम, दोन्ही बाजूंना मोबाइलची दुकानं, ज्वेलर्स, हॉटेलं. हायवे जवळ आला की हवेचा वास बदलतो. डिझेल, ग्रीस, वेल्डिंगचा धूर आणि कुठंतरी तळली जाणारी भजी. हायवेच्या अलीकडं एका आतल्या गल्लीत ओळीनं दहा-बारा पत्र्याच्या शेड आहेत. एकीत रेडिएटर, दुसरीत सायलेन्सर, तिसरीत सीटकव्हर, चौथीत बॅटरी. मोबाइलवरचा नकाशा तुम्हाला तोंडाशी आणून सोडतो आणि हात वर करतो. पुढं विचारत जायचं. 'फियाटवाले उस्ताद कुठं?' असं विचारलं की लहान पोरगंसुद्धा बोट दाखवतं.

उस्ताद मूळचे राजापूरकडचे. चौदाव्या वर्षी मुंबईत आले ते ताडदेवच्या एका टॅक्सी गॅरेजात हत्यारं पुसायला. तेव्हा मुंबईत टॅक्सी म्हणजे फियाटच. दिवसाला चार-चार इंजिनं उतरायची म्हणे. पुढं तिथलं भाडं वाढलं, गॅरेजच्या जागी इमारत झाली आणि उस्ताद नव्वदच्या दशकात सगळा संसार आणि पान्यांची पेटी घेऊन इथं आले.

गंमत बघा, आमचीही गोष्ट तीच. गिरगावातली चाळीची एक खोली आणि तीत सहा माणसं. १९९२ साली बाबांनी बँकेच्या कर्जावर मीरा रोडला वन बीएचके घेतला. तेव्हा आजूबाजूला मिठागरं होती आणि रात्री कोल्हेकुई ऐकू यायची, असं आई अजून सांगते. २००१च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या सव्वापाच लाख होती, २००२ साली महापालिका झाली आणि २०११ला आकडा आठ लाखांच्या वर गेला. मुंबईला जे जे परवडेनासं होतं ते ते मीरा रोडला येतं. माणसं येतात, मालिकांचे सेट येतात आणि टॅक्सीवाल्यांचे मिस्त्रीही येतात. इथं काही जुनं नाहीच, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मीरा रोडचं जुनं हे मुंबईतून इकडं आलेल्या माणसांच्या हातात आहे.

कुर्ल्याची लेक

आमची गाडी प्रीमिअर पद्मिनी, १९८६चं मॉडेल, रंग एकेकाळी पांढरा. बाबांनी १९९३ला सेकंडहॅण्ड घेतली. स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा, पुढं सोफ्यासारखी लांब सीट. गणपतीत गावाला जाताना पुढं तिघं, मागं पाच आणि डिकीत मखर. कशेडी घाटात ती एकदाही थांबली नाही, हे बाबा आजही पाहुण्यांना पहिल्या पाच मिनिटांत सांगतात.

हिचं माहेर कुर्ला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. आधी कुर्ल्यात डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या जोडल्या जायच्या. मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० येऊ लागली. तीच ती गुबगुबीत 'डुक्कर फियाट'! तिच्या पुढच्या पिढीचं नाव सत्तरच्या दशकात पद्मिनी झालं, चित्तोडच्या राणीवरून. बुकिंग करून लोक वर्षानुवर्षं वाट बघत. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि राणीचं राज्य हळूहळू आटलं. शेवटची काळीपिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं. म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी नाही. पेपरात फोटो आले, सोशल मीडियावर हुंदके आले. पण टॅक्सी गेल्या तेव्हा त्यांच्यावर पोट असलेले मिस्त्री कुठं गेले, हे कुणी विचारलं नाही.

नोटीस आली रे...

आमची इमारत तिशी ओलांडून गेली, म्हणून सोसायटीनं रिडेव्हलपमेंट ठरवलं. ठीक आहे, मोठी घरं मिळणार. पण नोटिशीत एक ओळ होती. 'आवारातील सर्व बंद वाहने ३१ मेपूर्वी हटवावीत.' बंद वाहन म्हणजे कोण ते सगळ्यांनाच माहीत होतं. पद्मिनी दर रविवारी बाबा सुरू करायचे, ती निळा धूर सोडायची, वरच्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी आपटायचं. गेल्या दिवाळीपासून तर ती सुरूच होईना.

भंगारवाला आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि बावीस हजार म्हणाला. बाबांनी 'विचार करतो' म्हटलं आणि दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. आई म्हणाली, "अगं, लोखंडच ते. पण यांचं असं होतंय, काय करू?" बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. पुन्हा गाडी चालवतील की नाही, हा प्रश्न घरात कुणी मोठ्यानं विचारत नाही.

शेवटी टेम्पोला दोरी बांधून आम्ही पद्मिनी उस्तादांच्या शेडमध्ये नेली.

दम कुठं लागतोय?

उस्तादांनी आधी काही खोललंच नाही. डिपस्टिक काढली, तेल बोटांत घासून वास घेतला. "पाणी नाही गेलंय तेलात. गेलं असतं तर दुधाच्या चहासारखं दिसलं असतं." मग चारही स्पार्क प्लग काढून एकेका भोकात प्रेशरचं मीटर लावलं आणि मला म्हणाले, "बेटा, बस आत, स्टार्टर मार." दोन सिलिंडर ठीक, दोन ढिले. ढिल्या सिलिंडरमध्ये त्यांनी चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. काटा वर चढला.

याचा फंडा सोप्पा आहे. ऑइल टाकल्यावर प्रेशर वाढलं तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडरची भिंत झिजलीय, कारण ऑइलनं ती फट तात्पुरती बुजते. वाढलं नाही तर संशय व्हॉल्व्हवर. धुराचंही तसंच. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. सतत दाट पांढरा म्हणजे पाणी आत शिरतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. चार मिनिटांत डॉक्टरांचं निदान तयार!

"साहेब, दोन रस्ते आहेत," उस्ताद बाबांना म्हणाले. "दहा हजारांत चालती करून देतो, सहा महिने चालेल. नाय तर पुरी खोलतो. मग वीस वर्षं मागं बघायचं नाय. पण वीस वर्षांनी मी नसेन, हे आधीच सांगतो."

बाबा नुसते हसले. मग माझ्याकडं बघत म्हणाले, "खर्च फार होईल गं."

माझ्या खात्यात थायलंडच्या ट्रिपसाठी साठवलेले पैसे होते. ऑफिसच्या ग्रुपनं हॉटेलसुद्धा बघून ठेवलं होतं. मी उस्तादांना म्हटलं, "खोला."

अकराशेला अकरा कमी

इंजिन खाली उतरलं तेव्हा मला धक्काच बसला. एवढंसं? चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची वर-खाली धाव ७५ मिलिमीटर. गुणाकार केला की होतात १०८९ सीसी. एवढ्या जिवावर हिनं आठ माणसं आणि एक मखर ओढलं.

खालचा ब्लॉक बिडाचा, वरचं हेड अॅल्युमिनियमचं. गाडी तापली की अॅल्युमिनियम आधी वाकतं. म्हणूनच जुन्या टॅक्सीवाल्यांचा एक डोळा कायम टेम्परेचरच्या काट्यावर असायचा. आमचं हेड केसभर वाकलं होतं. सिलिंडरांच्या आतल्या भिंती गोल राहिल्या नव्हत्या, किंचित लंबगोल झाल्या होत्या. उस्तादांनी माझं बोट धरून सिलिंडरच्या वरच्या कडेवरून फिरवलं. नखाला चक्क एक पायरी लागली! रिंग जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत झीज, त्याच्या वर धातू जसाच्या तसा. चाळीस वर्षं नखाला कळली.

आता सुरू झाली खरी धावपळ. ब्लॉक गेला भाईंदर पूर्वेला, इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका गाळ्यात. तिथला बोअरिंगवाला सिलिंडर थोडे मोठे करून पुन्हा गोल करतो. पण एक अट. आधी पिस्टन आणा, मग बोअर करतो. हातात असलेल्या पिस्टनच्या मापानंच सिलिंडर कापायचा असतो, उलटं करून चालत नाही. क्रँकशाफ्ट गेला ग्राइंडिंगला. रेडिएटर शेजारच्याच शेडमध्ये. तिथल्या भाईंनी तो उघडून आतला क्षार काढला, तर टोपलीभर निघाला.

पिस्टन शोधायला मी आणि बाबा आधी ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट मार्केटात गेलो, मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. वाटेत बाबांनी रिक्षा मुद्दाम प्रीमिअर रोडनं घ्यायला लावली. प्रीमिअरच्या कारखान्याच्या जागी आता कोहिनूर सिटी उभी आहे, टॉवर आणि काचेची ऑफिसं. बाबा म्हणाले, "इथून गाड्या बाहेर पडताना बघायचो आम्ही." रिक्षावाला पंचविशीचा, यूपीचा. त्यानं विचारलं, "यहाँ गाडी बनती थी?" बाबांना पुढचा सगळा रस्ता बोलायला विषय मिळाला.

पिस्टनचा सेट मिळाला पाचव्या दुकानात, माळ्यावर, धुळीनं माखलेल्या खोक्यात. माल जुना, पण एकदाही न वापरलेला. दुकानदारानं खोकं पुसलं आणि म्हणाला, "फियाटचं गिऱ्हाईक? दोन महिन्यांनी आलं बघा."

हातांची शाळा

जोडणीचे दिवस मला सगळ्यात जास्त आवडले. सोमवार ते शुक्रवार मी मालाडच्या ऑफिसात एक्सेल शीटमध्ये डोकं घालून बसते. दिवसभर काय केलं ते संध्याकाळी कुणाला दाखवता येत नाही. इथं दाखवता येतं. व्हॉल्व्हला खरखरीत पेस्ट लावून त्याच्या बैठकीवर गोल गोल घासायचं, वरून रॉकेल ओतायचं आणि खाली थेंब येतो का बघायचं. थेंब आला तर पुन्हा घासा. सहाव्या व्हॉल्व्हला मला तीनदा घासावं लागलं. थेंब थांबला तेव्हा मी ओरडलेच. उस्ताद म्हणाले, "बस झालं. अप्रेझल मिळालं तुला."

पिस्टनच्या रिंगांची तोंडं एका रेषेत आणायची नाहीत, नाही तर हवा सरळ खाली पळते. हेडचे नट मधून बाहेर, थोडे थोडे करत तीन फेऱ्यांत आवळायचे. टायमिंग चेनच्या खुणा जुळल्याशिवाय पुढं जायचं नाही. ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन. हे सगळं उस्तादांकडं कुठं लिहिलेलं नाही. मॅन्युअल त्यांनी कधी पाहिलंच नाही, ते इंग्रजीत होतं.

त्यांचा भाचा शेजारीच काम करतो. त्याच्याकडं स्कॅनर आहे, नव्या गाड्या येतात, कमाई मामापेक्षा जास्त. कार्ब्युरेटर शिक म्हटलं की तो हसतो. "चाचीजान, आता कोण आणतंय कार्ब्युरेटर?" असं तो मामीला सांगत होता आणि मला राग आला खरा. पण त्याचं चूक काय? त्याला पुढची तीस वर्षं जगायचंय. तरी ज्या दिवशी उस्तादांच्या थरथरत्या बोटांतून छोटा जेट निसटून गटारात जायला लागला, त्या दिवशी त्यानंच तो झेलला आणि मुकाट्यानं बसवला. मग विचारलं, "मामू, याचं भोक मोठं केलं तर काय होतं?" उस्तादांनी उत्तर द्यायला अर्धा तास घेतला. मी फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. असे एकूण बेचाळीस व्हिडिओ झालेत माझ्याकडं, नंबर टाकून ठेवलेत. भाच्यानं सगळे मागून घेतलेत.

या शेडच्या मालकानंही जागा मोजून नेलीय. इथं टॉवर येणार, असं गल्लीत बोलतात. मुंबईत परवडलं नाही म्हणून जे इथं आलं, त्याला आता इथंही परवडेनासं होणार. उस्तादांना विचारलं, मग पुढं कुठं? "विरारच्या पुढं," ते म्हणाले. "रेल्वे जाते तिथपर्यंत मिस्त्री जातो."

घोडबंदरला चाळीस घोडे

इंजिन सुरू झालं मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. चोक ओढला, चावी फिरवली. तीन वेळा नुसतीच घरघर. उस्तादांनी डेल्को केसभर फिरवला. चौथ्या वेळी ती खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि मग तो ओळखीचा आवाज आला. धूर पांढुरका, मग नाहीच. गल्लीतली सगळी शेडवाली माणसं बाहेर आली होती. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी बोनेटवर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

नवं इंजिन लगेच पळवायचं नसतं. पहिले हजारेक किलोमीटर जपून, एकाच वेगानं ताणायचं नाही, घाटबिट नाही, मग तेल बदलायचं. म्हणून पहिली फेरी जवळच, घोडबंदरच्या किल्ल्यापर्यंत. पोर्तुगीजांचा हा किल्ला १७३७ साली मराठ्यांनी घेतला. इथल्या बंदरात अरबी घोडे उतरायचे म्हणून घोडबंदर, असं सांगतात. आमचे चाळीसेक घोडे तिथं सकाळी सातला पोचले. दुसऱ्या रविवारी भाईंदरची मिठागरं ओलांडून उत्तनच्या कोळीवाड्यापर्यंत गेलो. जाताना मी चालवली. येताना, रस्ता रिकामा बघून, उत्तन ते पहिला सिग्नल बाबांनी. स्टिअरिंगखालचा गिअर त्यांनी न बघता टाकला.

तुमच्याकडेही आहे का अशी एखादी?

आजोबांची, काकांची, गावच्या पडवीत झाकून ठेवलेली? मग हे वाचून ठेवा.

* आधी पत्रा बघा, मग इंजिन. इंजिन पुन्हा बांधता येतं. खाडीच्या खाऱ्या हवेनं तळ कुजला असेल तर खर्च दुप्पट. आमचा सगळा हिशोब सव्वा लाखापर्यंत गेला, त्यात निम्मा पत्रा आणि रंग.
* आरसी सांभाळा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ला कारची फी पाच हजार झाली, आणि वीस वर्षांवरच्या कारसाठी २०२५मध्ये ती दहा हजारांवर गेली.
* गाडी पन्नाशी ओलांडलेली आणि मूळ रूपात असेल तर २०२१च्या नियमांप्रमाणे ती 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण ती रोज ऑफिसला नेता येत नाही.
* पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्यानं खराब होतो. इंजिन खोललंच आहे तर ते आधी बदला.
* पैसे टप्प्याटप्प्यानं द्या, काढलेले जुने पार्ट परत मागून घ्या आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा.

सध्या कुठंय ती?

वसईला, मावशीच्या अंगणात, चिंचेखाली, कव्हर घालून. नवी इमारत होईपर्यंत आम्ही भाड्याच्या घरात आहोत आणि तिथं पार्किंग नाही. दर पंधरवड्याला मी आणि बाबा ट्रेननं वसईला जातो, तिला एक चक्कर मारून आणतो. थायलंडचे फोटो ऑफिसच्या ग्रुपवर बघितले. छान आलेत.

उस्ताद अजून काशीमीऱ्याच्या त्याच शेडमध्ये आहेत. आमच्यानंतर त्यांच्याकडं दोन पद्मिनी आल्या, एक तर थेट पालघरहून. तेव्हा तुमच्या ओळखीत कुणाची फियाट भंगारात निघाली असेल तर भंगारवाल्याला चार दिवस थांबायला सांगा. रविवारी सकाळी अकराच्या आत मीरा रोडला या, रिक्षावाल्याला काशीमीरा सांगा आणि गल्लीच्या तोंडाशी विचारा. कटिंग चहा उस्तादांकडून. पण लवकर या. शेड आहे तोवर.